जर्मनीत रेल्वेने फिरताना: तिकीट, जागा आणि गाडी यांचा हिशेब वेगवेगळा

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेला मराठी माणूस रेल्वेला नवखा नसतो. लोकलची गर्दी, तत्काळची धावपळ, आरएसी, वेटिंग लिस्ट हे सगळे त्याने पाहिलेले असते. तरी पहिले काही महिने इथल्या रेल्वेत त्याची गफलत होतेच. आपल्याकडे कन्फर्म तिकीट म्हणजे ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि ठरलेला बर्थ, तिन्ही एकत्र. जर्मनीत या तीन गोष्टी सुट्या आहेत. तिकीट हा फक्त इथून तिथे नेण्याचा करार असतो. बसायच्या जागेचे आरक्षण वेगळे आणि त्याचे पैसेही वेगळे. ठरलेलीच गाडी पकडायची की दिवसभरातली कोणतीही चालेल, हे तुम्ही कोणत्या दराचे तिकीट घेतले त्यावर ठरते. एवढे नीट समजले की गाडी चुकली तर काय, उशीर झाला तर काय, सीमा ओलांडताना काय, या प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी कोणती गाडी कोणाची ते ओळखा

डॉइचे बान, बोलण्यात डीबी, ही कंपनी १ जानेवारी १९९४ रोजी स्थापन झाली. त्याआधी पश्चिम जर्मनीची बुंडेसबान आणि पूर्वेची राइख्सबान अशा दोन सरकारी रेल्वे होत्या. एकीकरणानंतर त्या जोडून ही कंपनी केली. कायद्याने ती खासगी कंपनीसारखी चालते, पण सगळे शेअर केंद्र सरकारकडे आहेत. रूळ आणि स्थानके सांभाळायला २०२४ पासून डीबी इन्फ्रागो ही तिचीच उपकंपनी आहे.

प्रवाशाच्या दृष्टीने मात्र एकच भेद महत्त्वाचा: गाडी लांब पल्ल्याची आहे की प्रादेशिक. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या. आयसीई म्हणजे पांढरी, लाल पट्ट्याची वेगवान गाडी. ती १९९१ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्ये उघडलेल्या कलोन–फ्रांकफुर्ट मार्गावर ताशी ३०० किलोमीटरने धावते. या गाड्या डीबी स्वतःच्या नफ्यातोट्यावर चालवते, म्हणून त्यांचे दर विमानाच्या तिकिटासारखे वरखाली होतात.

आरई, आरबी आणि एस-बान (शहरांच्या उपनगरी लोकल) या प्रादेशिक. त्या कोणत्या मार्गावर किती वेळा धावायच्या हे तिथले राज्य ठरवते, त्यासाठी पैसे मोजते आणि निविदा काढून कंपनी नेमते. म्हणून एका मार्गावर डीबीची लाल गाडी दिसते आणि शेजारच्या मार्गावर दुसऱ्याच कंपनीची पिवळी किंवा निळी. घाबरू नका, प्रादेशिक तिकीट दोन्हींत चालते. फ्लिक्सट्रेनचे मात्र वेगळे आहे. ती लांब पल्ल्याची स्वतंत्र स्पर्धक कंपनी आहे. तिचे तिकीट डीबीच्या गाडीत चालत नाही आणि डीबीचे तिच्यात.

डॉइचलंडटिकेट: महिन्याचा पास, पण सगळ्या गाड्यांचा नाही

मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेला हा पास जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचा झाला. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, एस-बान, मेट्रो, ट्राम आणि शहर बस यांत तो चालतो. आयसीई, आयसी, ईसी आणि फ्लिक्सट्रेनमध्ये चालत नाही. नवे विद्यार्थी इथेच सर्वांत जास्त फसतात: डीबीचे ॲप सगळ्यात जलद जोडणी म्हणून आयसीई दाखवते, पास खिशात असतो, आणि गाडीत तपासनीस आला की किमान साठ युरोंचा दंड. ॲपमध्ये ‘फक्त प्रादेशिक गाड्या’ असा गाळणीचा पर्याय आहे. पास काढलात त्याच दिवशी तो वापरायला शिका.

हा पास वर्गणीचा आहे, आपोआप पुढच्या महिन्यात जातो. बंद करायचा असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावा लागतो. सुट्टीत भारतात जाणार असाल तर ही तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. विद्यापीठात शिकत असाल तर आधी तुमच्या सेमिस्टर शुल्कात हा पास आहे का ते पाहा. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांना तो सवलतीत मिळतो आणि दुसरा काढायची गरज नसते.

दोन-चार मित्र मिळून एका दिवसाची सहल करणार असाल आणि सगळ्यांकडे पास नसेल, तर राज्याचे दिवसभराचे तिकीट बघा. बायर्न-टिकेट हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर जाता येते, कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर.

लांब पल्ल्याचे तिकीट घेताना खरा निर्णय

इथे वेटिंग लिस्ट नाही, तत्काळ कोटा नाही. गाडी भरली म्हणून फ्लेक्सप्राइसचे, म्हणजे पूर्ण दराचे, तिकीट संपत नाही. फार तर उभे राहावे लागते. संपतात त्या स्वस्त दराच्या जागा. दर मुख्यतः तीन आहेत.

झूपर स्पारप्राइस सर्वांत स्वस्त. लवकर काढले तर लांबचा प्रवासही वीस युरोंच्या आसपास मिळू शकतो. पण हे तिकीट त्याच गाडीला बांधलेले असते आणि रद्द करून पैसे मिळत नाहीत. स्पारप्राइस थोडे महाग. तेही गाडीला बांधलेले, पण प्रवासाच्या दिवसाआधी रद्द केले तर शुल्क कापून उरलेली रक्कम व्हाउचरच्या रूपात मिळते. फ्लेक्सप्राइस सर्वांत महाग, पण गाडीचे बंधन नाही. सकाळची गाडी चुकली तर दुपारच्या गाडीत बसा.

गाडीला बांधलेले असणे म्हणजे त्सूगबिंडुंग. हा शब्द तिकिटावर छापलेला असतो आणि तो वाचायची सवय लावून घ्यायलाच हवी. हे बंधन फक्त लांब पल्ल्याच्या गाड्यांना लागू असते. समजा तुमच्या तिकिटात आधी आरई आणि मग आयसीई आहे. आरई एक तास आधीची पकडली तरी चालते, फक्त ठरलेली आयसीई गाठायची.

भारतातून पहिल्यांदा येणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. विमान उतरण्याच्या वेळेला धरून गाडीला बांधलेले स्वस्त तिकीट आधीच काढून ठेवू नका. विमानाला उशीर झाला, पासपोर्ट तपासणीची रांग लांबली, सामान आले नाही, यांतल्या कशाचीही जबाबदारी रेल्वे घेत नाही. तिकीट वाया जाते आणि पहिल्याच दिवशी, थकलेल्या अवस्थेत, दुसरे महागडे काढावे लागते. विमान कंपनी रेल अँड फ्लाय तिकीट देत असेल तर ते घ्या, ते गाडीला बांधलेले नसते. नाहीतर विमानतळावर उतरल्यावरच फ्लेक्सप्राइस काढा. आणि फ्रांकफुर्ट विमानतळावर दोन रेल्वे स्थानके आहेत हे लक्षात ठेवा: लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फेर्नबानहोफ आणि प्रादेशिक गाड्यांचे रेगिओनालबानहोफ. दोन्हींमध्ये सामान घेऊन चालायला वेळ लागतो.

बानकार्ड हे सवलतीचे वार्षिक कार्ड. बानकार्ड २५ वर सगळ्या दरांत पंचवीस टक्के सूट; बानकार्ड ५० वर फ्लेक्सप्राइसला पन्नास टक्के, पण स्पारप्राइसला पंचवीसच. वर्षातून तीन-चार लांबचे प्रवास असतील तर बानकार्ड २५ बहुधा वसूल होते. सत्तावीस वर्षांखालच्यांसाठी स्वस्त कार्ड आहे, आणि तीन महिन्यांचे प्रायोगिक कार्डही आहे. यांतले जवळजवळ प्रत्येक कार्ड मुदत संपली की आपोआप पुढच्या वर्षासाठी लागू होते. नको असेल तर मुदतीच्या काही आठवडे आधी रद्द करायचे असते. कार्ड घेतानाच ती तारीख शोधून ठेवा. शहर सोडून गेल्यावर जुन्या पत्त्यावर बिल येत राहते, अशा तक्रारी इथल्या भारतीय विद्यार्थ्यांत कायम ऐकू येतात.

मुले बरोबर असतील तर चांगली बातमी. सहा वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही. सहा ते चौदा वर्षांची मुले मोठ्यांबरोबर लांब पल्ल्याच्या गाडीत फुकट जातात, पण तिकीट काढतानाच त्यांची संख्या त्यात भरावी लागते. भारतातून आलेल्या आजी-आजोबांबरोबर नातवंडे जाणार असतील, तरी हेच.

जागा

आरक्षण साधारण साडेपाच युरोंचे, दर माणशी. ते सक्तीचे नाही. मंगळवारी दुपारी एकट्याने जाताना मी ते घेत नाही. शुक्रवारी संध्याकाळी, रविवारी, नाताळ आणि ईस्टरच्या आसपास, किंवा घरातले ज्येष्ठ बरोबर असतील तर मात्र नक्की घ्या. आई-वडिलांना तीन तास दरवाजापाशी बॅगेवर बसवण्यापेक्षा ते पैसे कितीतरी सार्थकी लागतात.

गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत तुम्ही आपल्या जागेवर बसला नाहीत, तर त्या जागेवरचा हक्क जातो. म्हणून आधी डबा चुकला तरी चालत चालत आपल्या जागेकडे निघा. आरक्षण नसेल तर आसनावरची छोटी पाटी वाचा: ज्या जागेपुढे दोन स्थानकांची नावे आहेत ती तेवढ्या टप्प्यापुरती आरक्षित, बाकी वेळ मोकळी. ‘गेगेबेनेनफाल्स फ्रायगेबेन’ (गरज पडल्यास जागा सोडा) अशा अर्थाची सूचना दिसली तर ती जागा ऐनवेळी कोणीतरी आरक्षित करू शकते. बसा, पण उठायची तयारी ठेवा. आरक्षणवाला आला की शांतपणे उठायचे. ‘जरा सरकून घ्या’ इथे चालत नाही.

स्थानकावर

स्थानकात शिरताना तिकीट तपासणारे दरवाजे नाहीत, फलाट तिकीट नाही. तपासणी गाडीत होते. लांब पल्ल्याच्या गाडीत तिकीट विकत मिळत नाही, म्हणून चढण्याआधीच ते हवे. ऑनलाइन तिकीट नावावर असते. सोबत पासपोर्ट किंवा निवास परवाना असू द्या. आरक्षण असेल तर ॲपमधल्या चेक-इन बटणाने आपण जागेवर बसल्याचे कळवता येते, मग तपासनीस बहुधा तुम्हाला थांबवत नाही.

गाडी कोणत्या फलाटावर येईल हे वेळापत्रकात महिनोन्‌महिने आधी छापलेले असते, आणि तरी ऐनवेळी बदलते. म्हणून पाच मिनिटे आधी पुन्हा ॲप आणि फलाटावरचा बोर्ड पाहा. फलाटाचे ए, बी, सी असे भाग केलेले असतात. तुमचा डबा कोणत्या भागासमोर थांबेल हे ‘वागेनराइउंग’ या आकृतीत दिसते. गाडी उलट्या क्रमाने येत असेल तर तशी घोषणा होते. ती ऐकू आली की लगेच दुसऱ्या टोकाकडे निघा, कारण गाडी काही मिनिटेच थांबते.

गाड्या मधेच दुभंगतात, ही नव्या माणसाला खरी धास्ती वाटायला लावणारी गोष्ट. बर्लिनहून ऱ्हाइन खोऱ्याकडे जाणाऱ्या कित्येक आयसीई हाम स्थानकात दोन होतात आणि अर्धा भाग एका मार्गाने, अर्धा दुसऱ्या मार्गाने जातो. डब्याच्या दरवाजावर त्या भागाचे अंतिम स्थानक लिहिलेले असते. चढताना ते वाचा. फ्रांकफुर्ट, श्टुटगार्ट, लाइपझिग ही सीएसएमटीसारखी शेवटची स्थानके आहेत, तिथून गाडी उलट्या दिशेने बाहेर पडते. तुमची गाडी चुकीकडे चालली आहे असे मुळीच नाही. (श्टुटगार्टला जमिनीखाली आरपार जाणारे नवे स्थानक बांधले जात आहे.)

आणि नाव पूर्ण वाचा. फ्रांकफुर्ट दोन आहेत: माइन नदीवरचे मोठे, आणि ओडर नदीवरचे, पोलंडच्या सीमेवरचे. बर्लिनच्या मुख्य स्थानकात फलाट दोन मजल्यांवर आहेत, १ ते ८ खाली आणि ११ ते १६ वर. तिथे गाडी बदलायला आठ मिनिटे पुरतात असे ॲप म्हणते, पण दोन बॅगा असतील तर त्यावर विसंबू नका.

डब्यात काय करायचे ते थोडक्यात. शांततेच्या भागात फोनवर बोलायचे नाही. सायकल न्यायची तर तिचे वेगळे तिकीट आणि आरक्षण. फेरीवाले नसतात, बोर्डबिस्ट्रोत कॉफी आणि गरम खाणे मिळते, पण यंत्र बिघडून ते बंदही असते, तेव्हा पोळी-भाजीचा डबा नेण्यात काही चूक नाही.

उशीर होतोच. मग काय करायचे

जर्मन रेल्वे घड्याळाच्या काट्यावर चालते हा समज घेऊन येऊ नका. २०२४ मध्ये डीबीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि इथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर म्हणजे ‘वेळेवर’. रद्द झालेल्या गाड्या या आकड्यात येतच नाहीत. कारण दडलेले नाही. जपानमध्ये शिंकान्सेनला स्वतःचे वेगळे रूळ आहेत. जर्मनीत बऱ्याच अंतरावर आयसीई, प्रादेशिक गाडी आणि मालगाडी एकाच रुळावरून जातात. कलोन, फ्रांकफुर्ट, हाम्बुर्ग या मोठ्या जंक्शनांत जागाच उरलेली नाही, आणि कित्येक दशके रूळ, सिग्नल, पूल यांवर पुरेसा खर्च झाला नाही. आता मुख्य मार्ग महिनोन्‌महिने पूर्ण बंद ठेवून दुरुस्त केले जात आहेत: फ्रांकफुर्ट–मानहाइम मार्ग जुलै ते डिसेंबर २०२४ असा बंद होता, हाम्बुर्ग–बर्लिन मार्गाचे काम ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. अशा वेळी गाड्या लांबच्या वाटेने जातात किंवा पर्यायी बस असते. मुलाखत, व्हिसाची भेट किंवा विमान असेल तर एक गाडी आधीचीच धरा. हा सल्ला इथे राहिलेले सगळे देतात आणि तो खराच आहे.

गाडी बदलायची असेल तर ॲपमध्ये बदलासाठीचा किमान वेळ वाढवून घ्या. वीस-पंचवीस मिनिटे ठेवली तर प्रवास अर्ध्या तासाने लांबेल, पण मनःस्ताप वाचेल.

तरी अडकलातच, तर तिकीट हा करार आहे हे इथे कामाला येते. अंतिम स्थानकावर वीस मिनिटे किंवा जास्त उशीर होणार असे दिसले, की तुमच्या तिकिटाचे त्सूगबिंडुंग उठते. स्वस्तातले स्वस्त तिकीट असले तरी मग तुम्ही पुढची, दुसऱ्या मार्गाची, त्याहून वेगवान गाडी पकडू शकता. ॲपमध्ये बंधन उठल्याची नोंद दिसते. तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. डॉइचलंडटिकेट आणि राज्यांची दिवसभराची तिकिटे यांना ही सवलत नाही, त्यांवर आयसीईत बसू नका.

अंतिम स्थानकावर साठ मिनिटे किंवा जास्त उशीर झाला तर तिकिटाच्या पंचवीस टक्के, दोन तास किंवा जास्त झाला तर पन्नास टक्के रक्कम परत मिळते. हा युरोपीय महासंघाचा नियम आहे. नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने उशीर झाला तर कंपनी ती नाकारू शकते. अर्ज ॲपमधून किंवा संकेतस्थळावरच्या खात्यातून तीन महिन्यांच्या आत करायचा. फार कटकट नाही, पाच मिनिटांत होतो, आणि तरी कितीतरी भारतीय विद्यार्थी तो करतच नाहीत. तुमचा हक्क आहे, मागा. रात्री उशिरा शेवटची गाडी रद्द झाली तर हॉटेल किंवा टॅक्सीचीही तरतूद आहे. टॅक्सीची मर्यादा १२० युरो. पण आधी स्थानकावरच्या माहिती काउंटरवर किंवा गाडीतल्या कर्मचाऱ्याला विचारा आणि व्हाउचर घ्या. कोणीच नसेल तेव्हाच स्वतः खर्च करा आणि पावती ठेवा.

हे सगळे हक्क एका सलग तिकिटावर मिळतात. स्वस्त पडते म्हणून हाम्बुर्ग–हानोफर एक आणि हानोफर–म्युनिक दुसरे अशी दोन तिकिटे काढलीत आणि पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाच्या दृष्टीने तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी. देशांतर्गत प्रवासात हे महाग पडते. सीमेपलीकडे जाताना त्याहून महाग.

सीमा ओलांडणाऱ्या गाड्या

जर्मनीला नऊ शेजारी देश आहेत आणि डीबी एकटी क्वचितच सीमा ओलांडते. पॅरिसची गाडी फ्रेंच रेल्वेबरोबर, ॲमस्टरडॅमची डच रेल्वेबरोबर, प्रागची चेक, वॉर्साची पोलिश, कोपनहेगनची डॅनिश, झुरिकची स्विस, व्हिएन्नाची ऑस्ट्रियन रेल्वेबरोबर चालते. प्रवाशाला गाडी एक दिसते, पण सीमेवर तिचे कर्मचारी, सिग्नल व्यवस्था आणि बऱ्याचदा वीजही बदलते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये तारेत १५,००० व्होल्ट एसी आहे; पोलंड आणि बेल्जियममध्ये ३,००० व्होल्ट डीसी, नेदरलँड्समध्ये मुख्यतः १,५०० व्होल्ट डीसी, फ्रान्सच्या वेगवान मार्गांवर २५,००० व्होल्ट एसी. मुंबईकडच्या जुन्या प्रवाशांना इगतपुरीला इंजिन का बदलत ते आठवेल. मध्य रेल्वेवरची १,५०० व्होल्ट डीसी वीज २०१६ पर्यंत पूर्ण बदलली गेली. इथे आता चार-चार प्रकारच्या विजेवर चालणारी इंजिने आणि आयसीई आहेत, म्हणून गाडी बहुतेकदा थांबत नाही. क्षणभर दिवे मंदावतात आणि आपण दुसऱ्या देशात असतो.

कोपनहेगनच्या गाडीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१९ च्या डिसेंबरपर्यंत हाम्बुर्गहून निघालेली गाडी पुटगार्डेन बंदरात अख्खीच्या अख्खी जहाजात शिरत असे आणि समुद्र ओलांडून डेन्मार्कमध्ये उतरत असे. आता ती युटलंडच्या जमिनीवरून वळसा घालून जाते, आणि त्या समुद्राखाली १८ किलोमीटरचा बोगदा बांधला जात आहे.

तिकीट कसे काढावे? शेवटच्या स्थानकापर्यंत एकच. डीबीच्या ॲपमध्ये ‘स्पारप्राइस युरोपा’ दर दिसतो. बानकार्डची सूट त्यावरही मिळते. त्याच गाडीचे तिकीट शेजारच्या देशाच्या रेल्वेच्या संकेतस्थळावर कधी कधी स्वस्त असते. प्रागसाठी चेक रेल्वेचे आणि व्हिएन्नासाठी ऑस्ट्रियन रेल्वेचे दर मी नेहमी ताडून पाहतो. पण तिथे तिकीट घेतले की रद्द करण्याचे नियम त्यांचे, आणि उशीर झाल्यावर पैसेही त्यांच्याकडेच मागायचे. ॲपने दाखवलेला दर फक्त सीमेपर्यंतचा नाही ना, हेही तपासा.

जागेचा नियम सीमेपलीकडे बदलतो. कलोनहून ब्रसेल्स–पॅरिसला जाणाऱ्या युरोस्टारमध्ये जागा तिकिटातच असते आणि त्याशिवाय चढता येत नाही. रात्रीच्या गाड्यांत तसेच. डीबीने स्वतःच्या शय्यागाड्या डिसेंबर २०१६ मध्ये बंद केल्या. त्यांतल्या बऱ्याच मार्गांवर आता ऑस्ट्रियन रेल्वेची नाइटजेट धावते. हाम्बुर्ग–व्हिएन्ना, म्युनिक–रोम अशा गाड्यांत बसायची आसने, झोपायचे कुशेत आणि स्वतंत्र शयनकक्ष असे वेगवेगळे दर असतात. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचतात हे खरे, पण कुशेत लवकर संपतात.

डॉइचलंडटिकेटवरही काही सीमा गाठता येतात. प्रादेशिक गाडीने झाल्त्सबुर्गपर्यंत ते चालते. बाझेल बाडिशर बानहोफ हे स्थानक स्विस भूमीवर असूनही जर्मन रेल्वेचे आहे, तिथवरही चालते. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून दुसऱ्या वर्गाचा सार्वजनिक प्रवास सगळ्यांनाच मोफत आहे, म्हणून ट्रिअरहून तिकडे सहज जाऊन येता येते.

आता सर्वांत गंभीर भाग, कागदपत्रे. शेंगेन क्षेत्रात सीमेवर शिक्का मारत नाहीत, म्हणून लोक पासपोर्ट घरी ठेवतात. तसे करू नका. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आहे. पोलीस चालत्या गाडीत येतात किंवा सीमेजवळच्या स्थानकावर गाडी थांबवून डबे तपासतात. मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड, दोन्ही जवळ हवेत. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

जर्मन निवास परवान्यावर इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. स्वित्झर्लंड युरोपीय महासंघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिथे वेगळा व्हिसा लागत नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही: ब्रसेल्स किंवा पॅरिसहून लंडनची युरोस्टार धरायची तर ब्रिटनचा व्हिसा हवा, आणि पासपोर्ट तपासणी गाडीत चढण्याआधीच होते. परवान्याचे नूतनीकरण चालू असताना मिळणारे तात्पुरते प्रमाणपत्र, फिक्शन्सबेशायनिगुंग, हाती असेल तर जास्तच सावध राहा. त्याचे प्रकार आहेत आणि त्यांपैकी काहींवर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येत नाही. प्रागच्या दोन दिवसांच्या सहलीसाठी तिकीट काढण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात ईमेल करून लेखी उत्तर घ्या. स्वस्त तिकीट बुडाले तर वीस-तीस युरो जातात. परवाना अडकला तर सेमिस्टर जाते.

शेवटी वेळापत्रक. संपूर्ण युरोपचे रेल्वे वेळापत्रक दर वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री एकाच वेळी बदलते. नव्या वेळापत्रकाची तिकिटे साधारणपणे शरद ऋतूतच विक्रीला येतात आणि नाताळच्या आठवड्यातले स्वस्त दर तेव्हाच उचलले जातात. नाताळात कुठे जायचे असेल तर ऑक्टोबरपासून ॲपवर लक्ष ठेवा, आणि नोव्हेंबरमध्ये केलेल्या प्रवासाच्या वेळा डिसेंबर अखेरीसाठी गृहीत धरू नका.